मागुमेडेचं फावडं

...हो हो, कापलं! मीच कापलं ते फावडं, नाही कोण म्हणतंय? पण म्हणून गावभर असं सांगत सुटायचं, "मबेनाने मयताचं फावडं कापलं, मबेनाने मयताचं फावडं कापलं", जसं काही मी झुडपात दबा धरून बसलो होतो आणि फावडं एकटंदुकटं दिसल्याबरोबर त्याच्यावर झडप घातली! अहो, चूक झाली. होते माणसाच्या हातून चूक. बसा ना, उभे का? बसा, तुम्हाला सांगतो सगळं पहिल्यापासून, कारण मागुमेडेच्या तोंडून ऐकलंत तर तुम्हाला वाटेल मी तिचं फावडं नाही, तिचा पायच कापला.

तर आमची मान्योनी गेली एप्रिलमध्ये. बायको हो माझी. एक्केचाळीस वर्षं. गोठ्यामागच्या मारुलाच्या झाडाखाली ठेवली तिला, आणि ती जमीन म्हणजे कशी, वर बोटभर माती आणि खाली निव्वळ दगड! सगळा गाव आपापली हत्यारं घेऊन आला खड्डा खणायला. गाव म्हणजे तरी कोण, आम्ही म्हातारे. तरणेताठे सगळे जोहान्सबर्गला, नाहीतर बोत्सवानात. साठी उलटलेली माणसं आळीपाळीने खणत होती, एक दमला की दुसरा, आणि दमलेला जो बाजूला बसायचा तो बसल्याबसल्या बाकीच्यांना कसं खणायचं ते शिकवायचा. एकूण नऊ हत्यारं जमली. सहा फावडी, दोन कुदळी आणि बाबा खाबोची एक पहार, जिला त्याने दुसऱ्या कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही. आणि ती नऊच्या नऊ हत्यारं राहिली आमच्या अंगणात. राहणारच! मयताची हत्यारं धुतल्याशिवाय कुणी न्यायची नाहीत, कुणी वापरायची नाहीत. मग धुवायची कधी? तर मयताची लेकरं जमतील तेव्हा. लेकरं दोन. बेकी जोहान्सबर्गला आणि थाबिले फ्रान्सिसटाउनला. मातीला आली, रडली, आणि तिसऱ्या दिवशी नोकरी जाईल म्हणून पळाली. जाताना बेकी म्हणाला, "बाबा, जूनमध्ये नक्की." जूनमध्ये म्हणाला, "बाबा, साहेब सुट्टी देत नाही, ऑगस्ट." ऑगस्टमध्ये थाबिलेला फोन केला, तर ती म्हणते, "बाबा, बेकी आला की मी आलेच." बेकीला केला, तर तो म्हणतो, "थाबिले निघाली की मी निघालोच." आता दोघंही एकमेकांच्या मागे उभी, पुढे कोण होणार?

आणि इकडे गावातली माणसं एकेक येऊन चौकशी करणार. "बाबा मबेना, धुण्याचं काही ठरलं का? नाही, घाई नाही हो, सहज विचारलं... पेरण्या जवळ आल्या, एवढंच." सहज! रोज सहज! अर्धं गाव फावड्यावाचून अडलेलं आणि फावडी माझ्या भिंतीला टेकून उभी, पाहुण्यांसारखी.

आता माझ्या शेडचं सांगतो. बुलावायोच्या रेल्वे कारखान्यात अडतीस वर्षं फिटर होतो मी. निवृत्त होऊन गावी आलो, मागच्या अंगणात चार खांब रोवले, वर पत्रे टाकले, लोखंड आवळून धरायचा व्हाइस बसवला, झाली शेड. लोखंड कापणं हे माझं काम. घरात इसिच्वाला, म्हणजे आमची मक्याच्या पिठाची उकड, शिजत असायचा आणि मागे माझं खर्र-खर्र, खर्र-खर्र. कुणाच्या गाडीचा आस, कुणाच्या फाटकाचा गज, कुणाच्या विहिरीची साखळी. आणि लोकांना वाटतं लोखंड कापायला ताकद लागते. छे! ताकद बैलालाही असते, बैल कापतो का? लोखंड कापायला लागतो धीर, चांगलं पातं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे... दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं.

हसू नका, खरं सांगतो! सात हात लांबीचा गज घ्या. एक टोक व्हाइसमध्ये आवळलं. दुसरं टोक अधांतरी. तुम्ही हॅक्सॉ, म्हणजे लोखंड कापायची करवत, चालवलात की ते टोक लागलं नाचायला. नाचलं की पातं अडकतं. पातं अडकलं की तुम्ही जोर लावता. जोर लावला की कट्! पातं मोडलं, आणि त्याचा तुकडा गेला उडून, कोंबडीच्या पिसात. आणि समजा नाही मोडलं, शेवटपर्यंत पोचलात, तर अगदी शेवटच्या चार घासण्यांना ते टोक आपल्याच वजनाने खाली वाकतं, चीर मिटते, पातं चिमटतं आणि मोडतं! म्हणजे सगळं काम झाल्यावर! म्हणून दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं. आमच्याकडे मान्योनी धरायची. बीअरचं एक रिकामं क्रेट उपडं घालून त्यावर बसायची, मांडीत शेंगांची टोपली, गज गुडघ्यावर घ्यायची, एक हात गजावर आणि एका हाताने शेंगा सोलायची. इतक्या वर्षांत तिने एकदाही विचारलं नाही की हा गज कशाचा, कुणाचा, कशासाठी कापताय. फक्त तुटायची वेळ आली की तिच्या गुडघ्याला कळायचं. माझ्या आधी कळायचं! म्हणायची, "आता हळू." मी हळू व्हायचो. तुकडा तिच्या मांडीवर अलगद पडायचा.

तर ती गेल्यावर मी काय काय केलं, विचारा. पहिल्यांदा विटांची चळत लावली. वीट काय धरते? गज हलला की वीट घसरते. मग झाडाच्या फांदीवरून दोर सोडला आणि टोक बांधलं. वारा आला, फांदी हलली, फांदीबरोबर गज, गजाबरोबर मी. मग वाळूचं पोतं. पोतं बरं होतं, पण बकरीने खाल्लं. वाळू नव्हे हो, पोतं! मग लाकडाचा घोडा बनवला, उंची कमीजास्त करता येणारा, वर लोखंडी रूळ बसवलेला, गज पुढे सरकवला तर सरकेल असा. रेल्वेत कुणी पाहिला असता तर टोपी काढली असती! इतका सुंदर घोडा की मी स्वतः दोन दिवस त्याच्याकडे बघत होतो. गज स्थिर. पातं सरळ. चीर सरळ. मोडायचं नाव नाही. आणि तुटायची वेळ आली तेव्हा मी थांबलो... का थांबलो? तर कुणीतरी "आता हळू" म्हणेल म्हणून. घोडा काय म्हणणार, कपाळ? तुकडा पडला धाडकन माझ्याच पायावर. अंगठ्याचं नख गेलं.

बेकीला फोनवर हे सांगितलं. मी म्हटलं, "पोरा, दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं रे." मला म्हणायचं होतं, ये. सरळ शब्दांत सांगायला काय झालं होतं मला? पण बाप असं म्हणत नाही, आणि मुलगा जोहान्सबर्गला राहून असं ऐकत नाही. तो म्हणाला, "काळजीच करू नका बाबा! व्यवस्था करतो!" आणि पंधरा दिवसांनी मालवाहू गाडीवाला खोकं घेऊन दारात. माझा जीव वरखाली, मागच्या सीटवर बघतो, पुढच्या सीटवर बघतो. कुणी नाही. खोक्यात काय? ग्राइंडर! हातात धरायचा, विजेवरचा, गरगर फिरणाऱ्या चकतीचा. आणि चिठ्ठी: "बाबा, याला कुणाची मदत लागत नाही."

बघा म्हणजे! एकट्या माणसासाठी खास बनवलेलं यंत्र! मी आठ दिवस त्याला हात लावला नाही. कारण ग्राइंडरचं कसं असतं, तो चालू असताना जवळ कुणी बसू शकत नाही. ठिणग्या उडतात. बोलू शकत नाही, आवाज असा की गोठ्यातली गाय वासरू विसरते. मान्योनी असती तर शेंगा घेऊन पुढच्या दारी जाऊन बसली असती. आणि वीज कुठली? छपरावरच्या सोलरच्या बॅटरीवर तो तीन मिनिटं चालायचा, मग दम तोडायचा, आणि त्याच्याबरोबर माझा रेडिओही! म्हणजे उरलीसुरली बोलणारी एक वस्तू होती घरात, तीही बंद.

पण शेवटी मी फिटर. हत्यार पडून राहिलेलं बघवत नाही. म्हटलं, चला, एक चाचणी घेऊ, एखाद्या पातळ पत्र्यावर. आणि इथे... इथे नीट ऐका, कारण इथेच मागुमेडे खोटं सांगते. ती नऊ हत्यारं पूर्वी अंगणात होती. मीच ती शेडमध्ये आणली. का? तर मागुमेडेच म्हणाली, "बाबा मबेना, माझं फावडं गंजेल, आत ठेवा!" ठेवलं आत. आता तिच्या फावड्याची शेपटी, म्हणजे पात्याचं दांड्यात घुसणारं टोक, दांड्यात सैल. पहिल्यापासून सैल! खड्डा खणतानाच पातं दोनदा निसटून पडलं होतं, सगळ्यांनी पाहिलंय. तर आत आणताना ते पुन्हा निसटलं, दांडा एकीकडे उभा राहिला, आणि पातं पडलं माझ्या भंगाराच्या ढिगाऱ्याशेजारी. मी डोळ्यांना काळा चष्मा लावलेला, वेल्डिंगचा, कारण दुसरा नाही. वारं सुटलेलं. हात घातला, पत्रा लागला, व्हाइसमध्ये आवळला, ग्राइंडर चालू केला... आणि तुम्हाला सांगतो, लोण्यातून सुरी! अर्धं मिनिट! सरळ, गुळगुळीत, चकचकीत कड! मी खूश! एप्रिलपासून पहिल्यांदा मी खूश होतो. मोठ्याने म्हणालोसुद्धा, "मान्योनी, बघ!" आणि चष्मा काढला.

काय बघितलं असेल मी? निम्मं फावडं व्हाइसमध्ये, निम्मं जमिनीवर. आणि त्याच्यावर अजून तिची माती. वाळलेली, तांबडी. कापलेल्या कडेपाशी करपून काळी झालेली.

मी खालीच बसलो हो. माती धुतलेली नाही, लेकरं आलेली नाहीत, बायको अजून धड मार्गाला लागलेली नाही, आणि मी तिच्या खड्ड्याचं फावडं चिरून बसलोय! म्हटलं आता कुणाला सांगू? लपवावं? नऊ हत्यारं आहेत, गाव रोज मोजतंय. शेवटी दोन तुकडे टॉवेलात गुंडाळले आणि गेलो मागुमेडेच्या दारात.

मागुमेडे कोण, तर आमच्या कुंपणापलीकडची. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, तीन मुलं, तिन्ही बाहेर. बाई उभी राहिली की दार भरतं आणि बोलायला लागली की अंगण. मी टॉवेल उघडला. तिने बघितलं. एकदा तुकड्यांकडे, एकदा माझ्याकडे. मग म्हणाली, "हे माझं?" मी म्हटलं, "तुमचंच." "कापलंत?" "कापलं." "का?" मी म्हटलं, "मागुमेडे, कड बघा किती सरळ आलीय."

बास! तोंड सुटलं! "अहो सरळ! सरळ कड! बाबा मबेना, उद्या मी मेले तर तुम्ही शवपेटीही सरळ कापून द्याल! लग्नात मिळालेलं फावडं माझं! या फावड्याने तीन पोरं वाढवली मी! आणि आता धुण्याच्या दिवशी काय करू? अर्धं मी धुवू, अर्धं तुम्ही? आणि मान्योनी विचारेल ना वरून, माझ्यासाठी आणलेलं फावडं कुठंय, तर काय सांगू, तुमच्या नवऱ्याला खेळायला दिलं?" पंचवीस मिनिटं! मी उभा. आणि खरं सांगू का, तुम्ही म्हणाल म्हातारा चळला, पण मला बरं वाटत होतं. किती महिन्यांनी माझ्याशी कुणी पंचवीस मिनिटं बोललं होतं!

मग बसली बैठक. बाबा खाबो, म्हणजे तो पहारवाला, गावात वयाने सगळ्यात मोठा. त्याच्यापुढे दोन तुकडे ठेवले. त्याने तपकीर ओढली, शिंकला, तुकडे जुळवून बघितले, सुटे करून बघितले. म्हणाला, "माझ्या बापाच्या काळात मयताचं फावडं हरवलं होतं. चोरीला गेलं होतं. एकदा बैलाने तुडवलं होतं. पण कापलेलं... नाही." जसं काही मी एखादा नवा रोग शोधून काढलाय! मी म्हटलं, वेल्डिंग करून आणतो प्लमट्रीहून. मागुमेडे म्हणाली, "मला ठिगळाचं फावडं नको." शेवटी ठरलं की मी नवं फावडं करून द्यायचं, आणि धुण्याच्या दिवशी जुने दोन तुकडे आणि नवं, तिन्ही धुवायची. त्याशिवाय धुणं नाही. आणि त्याच संध्याकाळी थाबिलेचा फोन! "बाबा, नोव्हेंबरचा पहिला शनिवार. मी आणि बेकी, दोघांनी सुट्टी मागितलीय, दोघांनाही मिळालीय!" आता बोला! सहा महिने हत्यारं तयार आणि लेकरं नाहीत. आता लेकरं तयार, तर फावडं नाही! हातात तीन आठवडे. फावडं झालं नाही तर धुणं पुढे, आणि धुणं पुढे गेलं तर ही पोरं पुन्हा कधी एकत्र सुट्टी मागणार?

लोखंड कुठून आणायचं? माझ्याकडे ट्रॅक्टरच्या नांगराचा एक जुना तवा होता. पोलाद असं की कानस मारली तर कानसच गुळगुळीत व्हावी. आता कापायचं कशाने? ग्राइंडरचं नाव काढू नका. एक तर तीन मिनिटांच्या विजेवर तेवढं पोलाद कापलं जाणार नव्हतं, आणि दुसरं म्हणजे तो मी खोक्यात बंद करून वर दगड ठेवला होता. छिन्नी? बाबा खाबो म्हणाला, "छिन्नीच! आमच्या वेळी सगळं छिन्नीने!" छिन्नी मारली, धार गेली उडून. हॅक्सॉ? चार घासण्यांत दात साफ, पातं माझ्यापेक्षा बोळकं. मग मी म्हटलं, मबेना, अडतीस वर्षं काय शिकलास? कडक लोखंडाशी भांडायचं नाही, आधी त्याचं पाणी उतरवायचं. मोपानीच्या लाकडांचा निखारा केला, दिवसभर तवा त्यात तांबडालाल ठेवला आणि मग राखेत पुरून टाकला, सावकाश निवू दिला. बाहेर काढला तर असा नरम, एखाद्या रागीट माणसाचा राग गेल्यावर असतो तसा. खिळ्याने आकृती काढली. पातं आणि शेपटी एकाच तुकड्यातली. आता आकृतीच्या कडेने गिरमिटाने जवळजवळ भोकं पाडत जायचं, आणि भोकांमधलं अंतर हॅक्सॉने जोडायचं. पद्धत ठरली! उत्तम पद्धत! फक्त तवा वाटोळा, खोलगट, व्हाइसमध्ये अर्धाच बसतो. उरलेला अर्धा बाहेर डुलतो. आणि... कळलं ना? दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं!

आणि तेवढ्यात आली मागुमेडे. बघायला. "झालं का माझं फावडं?" म्हटलं, कालच तर सुरुवात केली. "एवढंच झालंय?" म्हणाली, आणि इकडेतिकडे बघितलं, आणि ते उपडं क्रेट ओढलं आणि त्यावर बसली.

त्या क्रेटवर एप्रिलपासून कुणी बसलं नव्हतं. मी स्वतः बसलो नव्हतो. झाडताना क्रेटच्या भोवतीने झाडायचो. माझ्या ओठांवर आलं होतं, "ते सोडून कुठेही बसा." पण ती बसली, पाय पसरला आणि चपलेसकट पाय ठेवला तव्यावर. म्हणाली, "हलतोय ना? कापा आता. बघत काय बसलात?" आणि तवा गप्प झाला हो! एकदम गप्प! मी खाली मान घालून हॅक्सॉ चालवत राहिलो, कारण मान वर केली असती तर तिला दिसलं असतं, आणि ते मग गावाला दिसलं असतं.

मग ती रोज यायला लागली. येताना शेंगा नाही, काही नाही, फक्त तक्रारी घेऊन. "शेपटी लहान काढलीत." "पातं रुंद आहे, मी काय बैल आहे?" "मान्योनी कशी सहन करायची हा आवाज?" आणि ती येते म्हटल्यावर बाबा खाबो यायला लागला, छिन्नीचा प्रचार करायला. तो येतो म्हटल्यावर बाकीचेही, आपापल्या हत्यारांवर नजर ठेवायला, की म्हातारा आता आणखी काय कापतोय! शेडमध्ये पाच-पाच माणसं! एक म्हणतो पात्याला मेणबत्ती चोळ, एक म्हणतो तेल, एक म्हणतो थुंकी. एक म्हणतो दात पुढे करून लाव, दुसरा म्हणतो मागे. मी अडतीस वर्षांचा फिटर, आणि मला बकऱ्या राखणारे हॅक्सॉ शिकवतायत! आणि मी "असं का? बरं, बरं" करत ऐकतोय!

आता एक गोष्ट सांगतो, मागुमेडेला सांगू नका. जाड लोखंडाला मोठ्या दातांचं पातं लावायचं, पातळाला बारीक दातांचं. हे कारखान्यात पहिल्या दिवशी शिकवतात. तवा जाड. माझ्याकडे मोठ्या दातांची दोन कोरी पाती कागदात गुंडाळलेली होती. मोठ्या दातांचं लावलं असतं तर दोन दिवसांत काम उरकलं असतं. मी लावलं बारीक दातांचं. तेही जुनं. जाणूनबुजून! घासतोय, घासतोय, बुकणी निघतेय चिमूटभर. मागुमेडे म्हणायची, "हे काय, आज बोटभरसुद्धा पुढे नाही?" मी म्हणायचो, "पोलाद आहे हो, पोलाद! घाई करून चालत नाही." आयुष्यभर कामात कधी खोटेपणा केला नाही, आणि सदुसष्टाव्या वर्षी केला, तो पात्याचा! पण काय करणार? लवकर कापायच्या युक्त्या पुष्कळ शोधल्या मी, घोडा काय, ग्राइंडर काय. सावकाश कसं कापायचं हे मात्र मला त्या तीन आठवड्यांत कळलं.

पण शनिवार काही थांबत नाही. गुरुवारी तुकडा सुटला. शुक्रवारी पुन्हा निखाऱ्यात तापवला, पाण्यात विझवला, धारेवर पिवळा रंग चढेपर्यंत शेकला. दांडा आवळून बसवला, पाचर मारली. काम करायला बसलो की मला वाईट करता येत नाही, ही माझी खोड आहे. शुक्रवारी दुपारी थाबिले आली. एकटी. मी तिच्या मागे रस्त्याकडे बघत राहिलो. ती म्हणाली, "बाबा, बेकी फोनवर आहे."

फोनवर! सुट्टी मिळाली, पण नंतर गेली म्हणे. तर शनिवारी सकाळी सगळं गाव अंगणात, टबात पाणी, मडक्यांत बीअर, आणि माझा मुलगा कुठे? एका काठीला बांधलेल्या फोनमध्ये! बाबा खाबो पूर्वजांना हाका मारतोय आणि रेंज गेली. बेकीचा चेहरा थिजला, तोंड हे एवढं उघडं. बाबा खाबो फोनवर ओरडला, "पोरा, तोंड मीट! तुझी आई बघतेय!" सगळे हसले. मीही हसलो. मग एकेक हत्यार धुतलं. पहार धुतली, कुदळी धुतल्या. दोन तुकडे धुतले. नव्या फावड्याची पाळी आली तेव्हा कुणीतरी म्हणालं, याने तर खड्डा खणलाच नाही, याला कशाला धुवायचं? मागुमेडे म्हणाली, "जे फावडं गेलं त्याच्याच घरातलं आहे हे, धुवा." धुतलं. तांबडं पाणी मारुलाच्या मुळाशी ओतलं. मग थाबिलेने आईची पांघरायची चादर धुवायला काढली. जाड चादर, ओली, एकटीला पिळवेना. "बाबा, तिकडून धरा." मी धरली. ती एकीकडून पीळ घालतेय, मी दुसरीकडून. पाणी निघत राहिलं. दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं, मी म्हटलं. तिने पीळ आणखी घट्ट केला.

बीअर संपली. आणि मग काय झालं? जे व्हायचं तेच. प्रत्येकाने आपापलं फावडं उचललं, "बरं बाबा मबेना, येतो", खांद्यावर टाकलं आणि चालू पडला. सात महिने सांभाळली मी ती, पण एकानेही मागे वळून बघितलं नाही. म्हणजे फावड्यांनी हो. बाबा खाबोची पहार गेली. मागुमेडेचं नवं फावडं गेलं. भिंत मोकळी झाली. रविवारी थाबिले गेली. सोमवारी पाऊस लागला आणि गाव शेतात उतरलं. शेडमध्ये मी, घोडा, ग्राइंडर आणि ते क्रेट.

आठ दिवस वाट बघितली. पंधरा दिवस वाट बघितली. म्हटलं, नवं फावडं आहे, काहीतरी निघेलच! दांडा हलेल, धार बसेल, दगडावर आपटून कोपरा दुमडेल. बाई तक्रारखोर, आता येईल, मग येईल. मी मोठ्या दातांची ती दोन्ही पाती आणि बारीक दातांची तीन, सगळी टेबलावर मांडून ठेवली, म्हणजे आली की विचारता येईल, कोणतं लावू? नाहीच आली. शेवटी मीच गेलो तिच्या शेताच्या बांधावर. वाकून तण काढत होती. सहज विचारलं, "काय मागुमेडे, फावडं कसं काय?" तिने पाठ सरळ केली, कपाळावरचा घाम पुसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी हसून बोलली. म्हणाली, "बाबा मबेना, काय फावडं केलंत! दगडावर मारलं तरी खरचटत नाही. मी मरेन, पण हे मरणार नाही. आता काही म्हणजे काही तुम्हाला त्रास द्यायला नको!" आणि पुन्हा वाकली.

तुम्हाला सांगतो, कारखान्यात आमचा फोरमन म्हणायचा, काम असं करा की ते दुरुस्तीला परत येता कामा नये. अडतीस वर्षांत माझं एकही काम परत आलं नाही. एकही नाही! आणि मला, मूर्खाला, त्याचा अभिमान वाटायचा हो!